तांदळाच्या डब्यातली पाटली

गाढवपणा कसा करावा हे कोणाला शिकायचं असेल, तर सरळ माझ्याकडे या. पण चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना सांडाल!

आम्ही सदाशिव पेठेत राहतो आणि माझं ऑफिस खराडीला. सकाळी आठला घर सोडते ती संध्याकाळी सातला परत. घरात तीन वर्षांची ईरा. तिचं जेवण, तिची झोप, स्वयंपाक, सगळं सुमनमावशींच्या हातात. मावशी गेल्या की माझी नोकरी गेली, इतकं सरळ आहे ते. मैत्रिणींना मी ऐटीत सांगायचे, "आम्ही बाई मोलकरीण वगैरे म्हणत नाही हं. मावशी अगदी घरच्यासारख्या!"

त्या 'सारख्या'तच सगळी गोम होती.

झालं काय, मी बघते त्या मालिकेत सासूबाईंनी नोकराणीची परीक्षा घ्यायला तांदळाच्या डब्यात पाटली लपवली. आणि त्या गरीब चेहऱ्याच्या बाईने ती लांबवली की हो! मनात आलं, सहा वर्षं आपण मावशींना घराची किल्ली दिलीय, एकदा तरी पारखलंय का? मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी माझी एक पाटली तांदळात खुपसली आणि ऑफिसला गेले. आहे की नाही अक्कल?

संध्याकाळी डबा उघडला. पाटली गायब!

"अगं, नीट बघ तरी," नवरा म्हणाला. पण मी कसली ऐकतेय! कंबरेवर हात, आवाज चढलेला. मागे ढणढण संगीत तेवढं नव्हतं.

"मावशी! डब्यातली वस्तू कुठंय?"

मावशी ईराला वरणभात भरवत होत्या. हात काही थांबला नाही. "देवघरात हाय, गणपतीच्या मागं. तांदूळ निवडताना घावली."

"मग फोन नाही का करायचा मला?"

"कालचा भाग मीबी बगितला, ताई." त्यांनी ईराचं तोंड पुसलं. "त्या बाईला हाकलून देत्यात. पर दुसऱ्या दिवशी भांडी कोण घासतं, ते काय दाखवत न्हाईत."

मेले हो मी! "मावशी, चुकलं माझं. उद्या याल ना?"

त्यांनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवशीची सगळी भांडी मी घासली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. साडेसातला दारात किल्ली फिरली आणि काय सांगू, माझे डोळेच भरून आले! इतके आभार मी देवाचेही कधी मानले नसतील. तिथेच हात जोडले.

मावशी सरळ ओट्याकडे गेल्या. मी घासलेली कढई उचलली, आतून नख फिरवलं आणि परत सिंकमध्ये ठेवली.

"नापास, ताई. तुमची परीक्षा रविवारी परत घेऊ. आता पळा ऑफिसला!"