मागच्या ट्रेलरखाली कोणी वाकलं नाही

दसऱ्याच्या दिवशी दुपारी महामार्गावरच्या उतारावर दादाचा ट्रेलर थांबला नाही. पुढे उभ्या असलेल्या डंपरवर तो आदळला. दादा केबिनमध्ये वारला.

पोलिसांच्या कागदावर लिहिलं आहे : 'ब्रेक सुस्थितीत. चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' मी शाळेत मराठी शिकवते. शब्द जपून वापरा, असं वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. 'निष्काळजीपणा' हा शब्द किती जपून वापरला गेला, ते मला सांगायचं आहे.

आमचं घर वटार गावचं. मी आता जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहते. दादा ज्याचा ट्रेलर चालवायचा त्या मालकाच्या गाड्या उभ्या राहायच्या ती जागा तिथून जवळ, महामार्गालगत. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मी दादासाठी डबा घेऊन जायचे. पण जेवणाआधी ब्रेक तपासायचे. तो टाक्यांत हवा भरून घ्यायचा, चाकांना लाकडी ठोकळे लावायचा, इंजिन बंद करायचा आणि ब्रेक पायाने दाबून धरायचा. मी ट्रेलरच्या कडेने कान देऊन चालायचे.

"हवा बोलते, बाय. तू पुस्तकं ऐकतेस ना, तसं ऐक."

"पुस्तकं वाचतात, दादा."

"म्हणून तर तुला चष्मा लागला."

फुस्स असा आवाज आला की मगमधला साबणाचा फेस ब्रशने तिथे लावायचा. बुडबुडा फुगला की तिथे गळती. माझी रविवारची साडी ग्रीसने खराब व्हायची, आणि तो केबिनमधून ओरडायचा, "टीचर, गृहपाठ झाला का?" निष्काळजी माणूस आपल्या बहिणीला ट्रेलरखाली फेस लावत बसवत नाही.

दसऱ्याआधीच्या रविवारी ट्रेलरच्या मधल्या ॲक्सलवर बुडबुडे आले. चाकाजवळ एक गोल डबा असतो, त्यात हवा गेली की ब्रेक लागतो. मेकॅनिक त्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या आतलं रबर फाटलं होतं. मालकाने नवा बूस्टर मागवला. तो येईपर्यंत मेकॅनिकने जुन्या बूस्टरचा पाइप सोडवला आणि पाइपाच्या तोंडात नट घट्ट बसवला. गळती थांबली. त्या चाकाचा ब्रेकही गेला.

"रिकामी गाडी इकडची तिकडं करायची तर चालंल," मेकॅनिक म्हणाला. "माल भरून नाय."

नवा बूस्टर आला तो नेमका खंडेनवमीला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तिथेच होते. गॅरेजच्या पाटावर सगळे पाने, हातोड्या, जॅक ओळीने मांडलेले, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. नवा बूस्टर खोक्यासकट त्यांच्याच शेजारी ठेवलेला, त्यालाही कुंकू लावलेलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं.

"ताई, हत्यारं पूजेला बसलीत. आता दसरा झाल्याबिगर पाना धरायचा नाय."

दादाही हसून म्हणाला, "असू दे गं. गाडी कुठे जाणारेय?" आम्ही ख्रिस्ती; पण गाडीला हार घालायची हौस त्याला मालकाहून जास्त. मी गप्प बसले. दुसऱ्याच्या श्रद्धेत बोट घालू नये, हे मी फार लहानपणी शिकले आहे. ते तिथे विसरायला हवं होतं.

दसऱ्याला सकाळी मालकाचा फोन आला तेव्हा दादा माझ्याकडे नाश्त्याला होता. त्याने फोन स्पीकरवर ठेवला.

"शेठ, मधला ॲक्सल बंद आहे."

"अरे, दसऱ्याला भरलेली गाडी उभी ठेवतोस? वर्षभर उभी राहील! मुहूर्ताची एक फेरी मार. सावकाश ने."

दादाने पाव बशीत तसाच ठेवला आणि उठला. रागाच्या माझ्या यादीत मालक आहे, मेकॅनिक आहे, मी आहे. आणि हो, 'नाही' न म्हणणारा दादाही आहे. पण कागदावर एकटा तोच आहे.

पोलिसांनी ताब्यात ठेवलेली गाडी मी पाहून आले. पदर खोचून ट्रेलरखाली वाकले. नट जागच्या जागी होता. फोनवर फोटो काढला. कागदाप्रमाणे तपासणी करणाऱ्याने फक्त पुढच्या इंजिनाच्या भागाचे ब्रेक बघितले होते. मागे कोणी वाकलंच नव्हतं.

"मॅडम, तुम्ही काय शिकवता?" पोलीस ठाण्यात टेबलामागचा हवालदार म्हणाला.

"मराठी."

"मग ब्रेकचं आमच्यावर सोडा ना."

"सोडलं होतं. तुम्ही 'सुस्थितीत' लिहिलंत."

मालक म्हणाला, "टीचर, देवाची मर्जी." मी म्हटलं, "देवाने फोन केला नव्हता."

मग मेकॅनिककडे गेले. लिहून द्या, म्हटलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला. "लिहून दिलं तर इथं एक गाडी यायची नाय, ताई." मी बाकावर बसून राहिले. शेवटी त्याने कागद मागितला. पाइपात नट मी बसवला, भरून नेऊ नका असं सांगितलं होतं, एवढंच लिहिलं आणि सही केली. अक्षर वाकडं होतं. मी एकही चूक सुधारली नाही.

तो कागद, फोटो आणि माझा अर्ज दादाला जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी मी पोलीस ठाण्यात दिला. पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. 'निष्काळजीपणा' हा शब्द अजून दादाच्या नावापुढे आहे. त्याच फाइलमध्ये आता माझा अर्जही आहे.