मांडीवरचा पंचा

कपिलधारहून आणलेल्या विभूतीची पुडी आज सोडली आणि त्या वासाने मला नेकनूरच्या आमच्या देवघरात नेलं. दादा, म्हणजे माझे वडील, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. ते हातातून पडलं तर माणसाचा प्राणच जातो, असं आमच्या लिंगायत घरात मानत. थोरल्या बहिणीने, अक्काने, दारातूनच विचारलं, "दादा, समजा हे हातातून पडलं अन् कायबी झालं न्हाई, तर?"

स्वयंपाकघरात आईची भांडी वाजायची थांबली.

"कावून इचारलंस, बाई?" दादा हळू आवाजात म्हणाले. "आता रोज हातावर घेतलं की तेच दिसंल."

मला तेव्हा तो प्रश्न साधाच वाटला होता. पण दुसऱ्या दिवसापासून दादा पूजेला बसताना हाताखाली मांडीवर पंचा अंथरू लागले.

आज विभूती लावून मी गळ्यातलं लिंग हातावर घेतलं. मांडीवर पंचा आधीच अंथरलेला होता. मीच अंथरला असणार.