मावससासूबाईंची सायकल

अर्धवट सोडणे ही क्रिया माझ्या मावससासूबाईंच्या व्याकरणातच नाही, आणि माझं अख्खं आयुष्य त्याच एका क्रियापदावर उभं आहे. हार्मोनियम मी 'सारेग'पर्यंत शिकलो. योगासनांत शवासनाच्या पुढे सरकलो नाही. इंग्रजी सुधारायला आणलेली जाड रहस्यकथा मी पहिल्या खुनाच्या आधीच मिटली, त्यामुळे माझ्यापुरती त्यातली सगळी माणसं अजून सुखरूप आहेत. असा मी पुलगावच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि दरवर्षी दहावीच्या मुलांपुढे 'जिद्द आणि चिकाटी' या विषयावर भाषण करतो. त्या भाषणाचा शेवट मला अजून सापडलेला नाही. बेल होते म्हणून ते संपतं.

मावशी तेव्हा शेजारच्या नाचणगावात राहायच्या. बरणीचं झाकण अडकलं तर अख्खी दुपार त्याच्याशी झुंजायच्या, मध्ये चहासुद्धा नाही. टीव्हीवरचा सिनेमा कितीही रटाळ असो, शेवटची नावं वर सरकून पडदा काळा होईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. एकदा कुणाचा तरी राँग नंबर लागला. त्या माणसाला आर्वीची आत्या हवी होती. मावशींनी आर्वीतल्या आपल्या सगळ्या ओळखी हलवून ती आत्या शोधून दिली, तेव्हाच त्यांना चैन पडलं. नवा जावई म्हणून मी त्यांच्याकडे प्रथम जेवायला गेलो, तेव्हा 'पुरे' म्हणून पाहिलं होतं. पोळ्या थांबल्या त्या मला धाप लागल्यावर.

साठी उलटल्यावर त्यांनी सायकल शिकायचं काढलं. नाचणगावची ऑटो सीट भरल्याशिवाय हलत नाही, एवढंच कारण.

"जावईबापू, तुमच्या शाळेचं मैदान संध्याकाळी रिकामंच असते न?"

मी नाही म्हणायला सुरुवात केली आणि सवयीप्रमाणे मध्येच सोडून दिली.

दुसऱ्याच दिवशी मावशी पदर खोचून मैदानात हजर. मुलांनी मागून कॅरिअर धरायचं, मावशींनी पडायचं, मुलांनी हसायचं. त्या धूळ झटकत म्हणायच्या, "हासून झालं? मंग धरा आता."

त्याच सुमारास दहावीतली पल्लवी सराव परीक्षेत गणितात सपशेल आपटली. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी बोर्डाले बसत नाई." मी घसा खाकरून चिकाटीवर बोलू लागलो. ती अदबीने ऐकत होती, म्हणजे माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तेवढ्यात मैदानातून हाक आली, "ए पोरी, रिकामीच हायेस न? ये, कॅरिअर धर. सोडजो नको!"

पल्लवी गेली, आणि रोजच जाऊ लागली. मावशींनी तिला गणिताबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पडल्या की तिलाच विचारायच्या, "काऊन पडली वं मी?" मग दोघी मातीतच बसून खल करायच्या. हँडल वळलं, की नजर खाली गेली? कारण सापडलं की पुन्हा स्वारी.

एका संध्याकाळी पल्लवीने गुपचूप हात सोडला. मावशी पाण्याच्या टाकीपर्यंत एकट्या गेल्या, मागे कुणी नाही हे पाहिलं आणि टाकीवरच धडकल्या. मी धावलो. वाटेत चप्पल तुटल्यामुळे तेही धड जमलं नाही. कोपरातून रक्त येत होतं आणि मावशींचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता.

"कुठून सोडलं वं तू?"

"लिंबाच्या झाडापासून, आजी," पल्लवी हुंदके देत म्हणाली.

"एवढ्या दुरून? मंग रडून काऊन राह्यली? मी चालवली न!"

दुसऱ्या दिवशी पल्लवी गणिताचं पुस्तक घेऊन माझ्यापुढे उभी. "सर, हे गणित काऊन चुकते?" मी तत्परतेने तिला गणिताच्या बाईंकडे नेऊन सोडलं. त्या वर्षात मी पार पाडलेलं एवढंच एक काम.

बोर्डात मात्र ती गणितात नापास झाली. सांत्वनाची वाक्यं जुळवत मी नाचणगावला पोचलो, तर ती आधीच मावशींच्या ओट्यावर रडत बसलेली.

"कुठं पडली?" मावशी विचारत होत्या.

"बीजगणितात."

"मंग तिथूनच धरू."

माझी वाक्यं माझ्यापाशीच राहिली. पुरवणी परीक्षेत ती काठावर पास झाली. आता वर्ध्याला कॉलेजात जाते.

मावशी हल्ली नागपूरला मुलाकडे असतात. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी सायकल बंद केली आहे. परवा त्यांचा फोन आला. "यंदा कोन अडलं हाय?" मी दोन-तीन नावं सांगितली. त्या म्हणाल्या, "मैदान तं हाय न तिथंच?"

"आहे की."

"मंग तुमी काऊन घरी बसून राह्यले?"

पलीकडून 'आई, ठेव आता फोन' असं कुणीतरी म्हणालं. मावशींनी तो ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तो कानाला धरूनच मी पायात चपला सरकवल्या.