देवराईतली वेणी आन् बंगल्यावरचा नळ

बयाबाई धनगरीण अंधारात एकटी रान तुडवायची, तिला भ्या म्हणून ठावं नव्हतं. मुळशीच्या तळ्यावरल्या बंगल्यात मी सैपाक करायची आन् ती बाग राखायची. एका झाडापायी तिची पार रया गेली.

सीतेची वेणी म्हंजी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर जगणारं, जांभळ्या फुलांचा झुबका लोंबणारं झाड. बंगल्याच्या मालकीण बाईसाहेबांना ते हवं व्हतं. बयानं देवराईत मोडून पडलेल्या फांदीसकट उचलून आणलं आन् व्हरांड्यात टांगलं. देवराई देवीची, तिथली काडीबी कुणी घरी नेत न्हाई, पर हिला सांगणार कोण? वढ्याचं पाणी घालून तिनं ते फुलवलंबी.

फुडल्या साली बंगल्यावर नळ आला. खालच्या वाडीत पटकी लागली, जुलाब-उलट्यांनी माणसं मेली, तवा डागदरानं नळाच्या टाकीत रोगाचं किडं मारायची पावडर टाकायला लावली. वास मारायचा पाण्याला. नळ हाताशी, म्हणून बया झाडालाबी तेच घालायची. थोड्याच दिसांत वेणीची पानं टोकाकडनं काळी पडली, मुळं सडली. बयाचा नवरा धुळा मेंढरं घिऊन कोकणात गेलेला, त्याचा सांगावा न्हाई.

"देवी कोपली, सगुणा," ती म्हणाली. "झाड गेलं की माझा धुळा जाणार."

"कायतरीच बोलतीयास," म्या म्हणलं. पर तिनं देवराईकडं तोंड करून हात जोडलं.

तिनं नवस केला. सांजसकाळ ओलेत्यानं झाडाला पाणी घालायचं. वढ्यात म्हशी लोळत्यात, नळाच्या पाण्याला कुणाचा हात लागत न्हाई, म्हणून देवीला नळाचंच. जितकं घालायची तितकं झाड सडायचं. तिला घास गिळंना. लांब कुत्रं रडलं तरी माझ्या चुलीपाशी यिऊन बसायची.

शेवटी बाईसाहेबांनी बघितलं. "बया, हे पावडरीचं पाणी आहे. झाडाला ओढ्याचं घाल. माणसांनी मात्र नळाचंच प्यायचं."

वढ्याचं पाणी मिळालं तसं हिरवं मूळ फुटलं. बया व्हरांड्यात डोकं टेकून रडली. मला वाटलं, सुटलो एकदाचं. कसलं काय. आता तिनं पिण्याचा हंडाबी वढ्यावर भरायला घेतला.

"झाडाला मारतं ते पाणी माणसाला तारंल व्हय?"

म्या चिडून हंडा पालथा केला. "डागदर काय येडा हाय?"

"धुळा येईस्तवर मला जगायचंय, सगुणा." रिकामा हंडा उचलून ती परत वढ्याकडं गेली.

धुळा आला तवा वेणी फुलांनी लगडलेली. खांद्यावरचं कोकरू खाली ठिवून तो तिच्याखाली हुभा ऱ्हायला, हसला. "बया कुटं हाय?"

पटकीनं तिला एका दिसात नेलं व्हतं. आठवडाबी झाला नव्हता.

मी आत गेले. नळाच्या पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. त्यानं तोंडाशी नेला आन् नाक मुरडलं. "वास मारतोय."

"पी," म्या म्हणलं. "समदा पी. मंग सांगते."