उंदरांची तरी तपासणी झाली

"...चार वर्षं वाट बघितली, आता बास," असं म्हणत माझ्या नणंदेनं बेलापूरची मुलगीसुद्धा सुचवून टाकली. माझ्या लेकाला, दिलीपला, दुसरी बायको! पहिली, सुनीता, समोरच चहा गाळत होती. भांडण रंगात आलं की मला उत्तराआधी किस्से आठवतात. आमच्या शेडचे तर इतके साठलेत की ऐकायला माणूस पुरत नाही.

*

नगरबाहेरची ती शेड रंगात मिसळायच्या पांढऱ्या भुकटीची. अकरा वर्षं मी तिथं झाडलं. शाळा पाहिली नाही, पण पोत्यांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकले. एकदा 'नॅनो' वाचलं आणि सुपरवायझरला अर्थ विचारला. म्हणाला, इतकं बारीक की डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

"मग मला झाडायला कशाला ठेवलंय?"

*

पुढं दिलीप तिथंच पोती भरायला लागला. जोडीला शिंगणापूरकडचा एक गडी. मास्क आले, तेही कापडी. ह्या गड्याचा कायम खिळ्याला टांगलेला. मी झापलं, तर म्हणतो, "मावशे, आमच्या गावात घराला दार न्हाई, नाकाला कशाला?"

सगळी शेड हसली. दिलीप सगळ्यात जास्त.

*

लेकरू होईना. आधी तपासली कोण? सुनीता! तीन दवाखाने झाले, तिचं सगळं नॉर्मल. चौथ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवऱ्याला आणा. नर्सनं दिलीपच्या हातात डबी दिली आणि लाजून एवढंच म्हणाली, सॅम्पल. हा बहाद्दर लघवी घेऊन आला! वर म्हणतो, "कमी पडली तर अजून देतो."

दुसऱ्या वेळी बरोबर आणलं. त्यात बीज फार थोडं, आणि होतं तेही सुस्त.

*

बाईंनी काम विचारलं. पोत्यावरचा शब्द मीच सांगितला. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, अशा भुकटीनं उंदरांच्या नरांत बीज घटलेलं दिसलंय, माणसांचं अजून खात्रीनं सांगता येत नाही. काम सोडा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

दिलीप खाली बघत म्हणाला, "म्हंजी उंदरांची तरी तपासणी झाली."

काम सोडलं. तीन महिन्यांनी रिपोर्ट तसाच. घरी येताना एवढंच बोलला, "आई, कुनाला सांगू नको." मी शब्द दिला. सुनीतानंही दिला.

*

तर नणंद. "वांझेला किती दिस पोसायचं?" म्हणाली. दिलीप मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. सुनीतानं कप खाली ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. एकदाच.

म्हटलं, "वन्सं, रिपोर्ट दिलीपचा खराब हाय, आन त्या शेडमधी त्याला मीच चिकटवला, दुसरी बघायचीच असंल, तर त्याला बायकू न्हवं, आई बघा."