मृत्यूनोंदीची पुढची पानं

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला एकदाचं हसून घेता येईल. माझी आजी कधी गेली ते शोधायला मी चार महिने मृत्यूची रजिस्टरं चाळली. ती गंगेत बुडाली असं घरी ज्या सालाचं सांगत ते साल, आणि संशयाला जागा नको म्हणून त्याच्या आधीची दोन. पुढचं एक पान उलटलं नाही. मेलेल्या बाईला पुढे कशाला शोधायचं? मी बी.ए. झाले होते, आणि हे दिवसातून चारदा कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

रजिस्टरं काढून देणारे काका नगरपालिकेच्या कचेरीतले जुने कारकून. पाच पिढ्या बालाजी घाटाजवळ राहिलेल्या मराठी घरातले. वही उघडण्याआधी ते पुठ्ठ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत, कुणाच्या दारावर करावी तशी. बनारसात राहून पान न खाणारा माणूस मी तो एकच पाहिला. "यांच्यासमोर तोंड भरलेलं बरं नाही दिसत, सूनबाई," म्हणत.

मला घाई असे. "काका, लवकर बघा ना!"

"आराम से. मेलेले कुठे पळून जात नाहीत."

आणि वाचायचे तेही माझ्यापुरतं नाही. एका नोंदीवर बोट ठेवलं की वरची-खालचीही मोठ्याने वाचत. अमक्याची बेवा, वय साठ. तमक्याचा मुलगा, वय तीन दिवस. "एकालाच हाक मारली तर बाकीच्यांना वाईट वाटतं." मी मनात म्हणे, म्हातारा सटकलाय. पण घरी आल्यावर ते तीन दिवसांचं मूल भाजी चिरताना आठवायचं.

बाबा पाच वर्षांचे असताना आजोबा आजीला घेऊन काशीयात्रेला आले आणि एकटेच परत गेले. "पाय घसरला, गंगेत गेली," एवढंच म्हणाले. त्याच वर्षी दुसरं लग्न केलं. आता आजोबाही नव्हते, आणि साठीला आलेल्या बाबांना एकच हवं होतं, आईचं नाव असलेला एक कागद. मी लग्न होऊन बनारसला आले, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

एक दिवस काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "गेली हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? दर अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवते. नवऱ्याआधी गेली ना ती."

"ते जेवण झालं, सूनबाई. नोंद कुठाय?"

मी रागावून निघून आले. बी.ए.ला कारकुनाने शिकवायचं म्हणजे काय!

दीड महिन्याने त्यांचा निरोप आला. गेले तर वही उघडून ठेवलेली. आजीचं नाव, आजोबांचं नाव, आमचं गाव, सातारा जिल्हा. आजार: ताप. खबर देणारा: शेजारी. पत्ता बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतला. त्या गल्लीतून मी रोज भाजीला जात होते.

साल पाहिलं. त्या साली मी पहिलीत होते.

म्हणजे मी नवमीची खीर मिटक्या मारत खात होते, तेव्हा माझी आजी इथे गंगेचं पाणी भरत होती. का राहिली? तिने सोडलं की तिला सोडलं? पुढेमागे सगळी पानं पाहिली. त्याला रकाना नव्हता.

"बाबांना पत्र टाकते," मी म्हटलं.

"पत्रात नका लिहू असलं. बोलवून घ्या त्यांना."

बाबा आले. काका कुणाला वहीला हात लावू देत नसत. बाबांचं बोट त्यांनी स्वतः धरलं आणि त्या ओळीवर ठेवलं. बाबांनी ते बराच वेळ उचललं नाही. काकाही त्या दिवशी दुसऱ्या कुणाची ओळ वाचायला गेले नाहीत.

काकांना जाऊन आता खूप वर्षं झाली. ती खोली बंद आहे, दाखले संगणकावर मिळतात. मध्यंतरी नातीच्या जन्माचा दाखला काढायला गेले, तर दहा मिनिटांत हातात. खिडकीतल्या मुलीला म्हटलं, जरा वरची-खालची नावंही वाच ना. ती म्हणाली, "दादी, पीछे लाइन लगी है." मला काकांसाठी लाज वाटली, का ते नका विचारू.

बाबांचं मात्र सांगायचं राहिलं. कचेरीतून निघून आम्ही तिघे बालाजी घाटावर जाऊन बसलो. मग बाबा मागे वळून, वरच्या घरांकडे बघत म्हणाले, "मॅट्रिक झाल्यावर मी इथेच येऊन आईचं पिंडदान केलं होतं गं. त्या खिडक्यांतून बायका बघत होत्या."