उत्तरेच्या उजेडात पाहिलेला डाग

मिल बंद पडली त्याच वर्षी बाबांच्या डाव्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर, एक काळा डाग सापडला. बाबा मिलच्या रंगखात्यात होते. रंगवलेल्या कापडाची छटा नमुन्याशी जुळते की नाही, हे पाहण्यात त्यांची उमर गेली होती.

डॉक्टर म्हणाले, "काका, नुसता तीळ असेल तर काळजी नाही. वाढत असेल तर मात्र डोळा काढावा लागेल. आज फोटो घेऊ, सहा महिन्यांनी पुन्हा घेऊन ताडून पाहू."

पडद्यावरच्या नसा उजळून दिसाव्यात म्हणून हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचलं. बाबा पिवळेजर्द होऊन अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी आले. शेजारी ओट्यावरून ओरडले, "अरे भिया, पीलिया झाला का?"

"नाही हो, कच्चा रंग आहे. उद्या उतरेल."

"हळद लागलीय म्हणा की," आई आतून म्हणाली. "नवरी कोण, तेवढं कळू द्या!"

ते सहा महिने बाबा रोज सकाळी उजवा डोळा झाकून आईच्या साडीचा रंग सांगत. आई मुद्दाम "चूक" म्हणे. मग भांडण रंगे, आणि डोळ्याची भीती तेवढा वेळ बाजूला राही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. "तसाच दिसतोय."

"ट्यूबलाइटखाली?" बाबा उठले. "साहेब, असा तर आमच्याकडे रुमालसुद्धा पास होत नसे. छटा खरी कळते ती उत्तरेच्या उजेडात. उत्तरेची खिडकी कुठे आहे?"

ती जिन्याजवळ होती. बाबा पुढे, फूटपट्टी घेतलेले डॉक्टर मागे, आणि बाकावरचे पेशंट माना वळवून बघत होते. बाबांनी दोन्ही फोटो कडेला कड लावून धरले, हात लांब केले, मान तिरपी केली. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"माप घ्या," ते म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही डाग मोजले. तसूभरही फरक नव्हता. "तीळच आहे, काका."

पुढे कितीतरी वर्षं बाबा त्या डोळ्याने आईशी भांडले.

ते गेल्यावर कपाट आवरताना मला ते फोटो सापडले. एकाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नमुना'. दुसऱ्याच्या मागे, 'माल. पास.'

मी खोलीतला दिवा मालवला आणि फोटो घेऊन खिडकीशी गेले.